तळपायाचा डाग आणि पोटातला ठिपका

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सोमवारचा दिवस, म्हणजे आमच्याकडे गर्दीचा. दुपारी दोनच्या सुमारास माण तालुक्यातल्या एका गावाहून बापलेक आले. पहाटेच्या एसटीने निघाले होते. मुलाच्या हातात स्कॅनची ती नेहमीची मोठी पिशवी. वडिलांच्या उजव्या पायाला पट्टी. माझे आजोळ त्या बाजूचे, म्हणून कुणीतरी माझे नाव सांगितलेले. मी सांगलीत क्ष-किरण विभागात काम करणारा माणूस. औषधे मी देत नाही, ऑपरेशन करत नाही. चित्रे वाचणे एवढाच माझा धंदा. तेव्हा माझ्याकडे लोक येतात ते बहुधा दुसरीकडचे रिपोर्ट 'जरा वाचून सांगा' म्हणून.

मुलगा उभ्याउभ्याच म्हणाला, "डॉक्टर, आबांच्या पायाचा कॅन्सर आतड्यात गेलाय म्हनत्यात. आता पुन्याला न्यायचं का घरीच ठिवायचं, तेवढं सांगा."

आबा मात्र शांत होते. ते म्हणाले, "मला एकच सांगा सायेब. पायाला झाल्यालं प्वाटात गेलं कसं?"

आबांचा प्रश्न बरोबर होता. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर आहे.

आबांच्या तळपायाला, टाचेच्या थोडे पुढे, दोन वर्षांपासून एक काळा डाग होता. आपल्या भागात तळपायाला काहीही झाले की ते 'कुरूप'. बाभळीचा काटा रुतला असेल, अनवाणी चालून घट्टा पडला असेल, असे म्हणून माणूस ब्लेडने खरवडतो, वर चुना लावतो, बिब्बा लावतो. आबांनी हे सगळे केले. डाग पसरला, त्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा दवाखाना झाला. तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि उत्तर आले : मेलॅनोमा.

त्वचेला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचा हा कॅन्सर. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये गोऱ्या कातडीच्या लोकांना उन्हामुळे तो फार होतो. आपल्याकडे एकूण कमीच. पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि तिथे उन्हाचा काही संबंध नसतो. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली १९८१ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला, तो याच प्रकाराने. पायाच्या अंगठ्याला फुटबॉल खेळताना लागले असेल, असे आधी वाटले होते. तेव्हा काट्यावर नाव घालणारे आपणच नाही.

कातडीचे बाकीचे कॅन्सर वेगळे. कंबरेला साडीची नाडी किंवा धोतराची गाठ वर्षानुवर्षे घट्ट काचते, तिथे कातडी काळी पडते, चट्टा उठतो आणि क्वचित त्या जागी कॅन्सर होतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात काम करणारे आपले नामवंत पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली या 'धोतराच्या कॅन्सर'चे वर्णन करून तो जगापुढे मांडला. आपल्या पेहरावाने वैद्यकाच्या पुस्तकात अशी जागा मिळवली आहे. आणखी एक प्रकार जुन्या भाजलेल्या व्रणात होणारा. त्याच्याकडे मी पुढे येतो, कारण विटा-आटपाडीकडच्या माणसांशी त्याचा संबंध आहे.

हे दोन्ही प्रकार बहुतेक करून जागच्या जागी वाढतात, फार तर जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींपर्यंत जातात. आतड्याकडे सहसा फिरकत नाहीत. मेलॅनोमाचे मात्र तसे नाही. तो रक्तातून कुठेही जातो आणि लहान आतडे हे त्याचे विशेष आवडते ठिकाण. शरीराच्या दुसऱ्या भागातून येऊन लहान आतड्यात रुजणाऱ्या कॅन्सरमध्ये मेलॅनोमाचा नंबर फार वरचा लागतो. म्हणून आबांच्या रिपोर्टमध्ये 'आतडे' हा शब्द आल्यावर कुणाच्याही काळजात धस्स होणारच. त्यांच्या गावातल्या कुणा शिकलेल्याने तो शब्द वाचला होता आणि निकाल देऊन टाकला होता.

आबांचा पेट स्कॅन झाला होता. हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगतो. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या फार भुकेल्या असतात. जर्मनीचे ओटो वारबुर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वीच हे पाहिले होते. या भुकेचा फायदा घ्यायचा. साखरेसारख्याच एका रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवायचे आणि शिरेतून टोचायचे. तासभर पेशंटला शांत पडून राहू द्यायचे. ज्या पेशी जास्त साखर ओढतात त्या ठिकाणी ते औषध गोळा होते आणि यंत्राच्या चित्रात ती जागा उजळते. जोडीला सीटी स्कॅन असतो, म्हणजे उजळलेली जागा नेमकी कोणत्या अवयवात आहे ते कळते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळच्या विभागात २००२ साली हे यंत्र देशात पहिल्यांदा आले. हे औषध सायक्लोट्रॉनमध्ये बनते आणि दर ११० मिनिटांनी त्याची ताकद निम्मी होते. भाजीसारखे ते साठवून ठेवता येत नाही. पेट स्कॅन तालुक्याच्या गावी होत नाही, त्याचे हे एक कारण.

पण साखर काय फक्त कॅन्सरच खातो? मेंदू खातो, हृदय खाते. औषध लघवीतून बाहेर पडते म्हणून मूत्राशय तर दिव्यासारखे पेटलेले दिसते. सूज आलेली कुठलीही जागा उजळते. आणि आतडे! आतडे हा या चित्रातला सगळ्यात लहरी अवयव. ते सतत हलत असते, त्याच्या भिंतीत स्नायू आहेत, रोगाशी लढणाऱ्या पेशींचे थवे आहेत. निरोगी माणसाचेही आतडे कमी-जास्त उजळते. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याचे तर सगळे आतडे लांबलचक पट्ट्यासारखे झगझगीत दिसते. इतके, की त्याच्या आड काही लपले असेल तर दिसायचे नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ही गोळी तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. (ती आपल्या मनाने बंद करू नये, साखर वाढली तर स्कॅनच पुढे ढकलावा लागतो.)

लांब पट्टा उजळला तर आम्ही फारसे घाबरत नाही. आम्हाला थांबायला लावतो तो एकटा ठिपका. बाकी सगळीकडे अंधार आणि एका जागी वाटाण्याएवढे, बोराएवढे तेज. जगभरातल्या अनेक पाहण्यांचा एकत्र हिशेब केला, सगळ्या प्रकारचे पेशंट धरून, तर शंभर पेट स्कॅनमागे साधारण तीन-चार जणांच्या मोठ्या आतड्यात असा अनपेक्षित ठिपका सापडतो. अशा लोकांना दुर्बिणीने तपासले, तर निम्म्याहून अधिक जणांत खरोखरच काहीतरी निघते. ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप, आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल कोंब. कधी आतड्याचाच नवा, स्वतंत्र कॅन्सर. ज्या कॅन्सरसाठी स्कॅन केला तो तिथे पसरलेला असणे, हे मोठ्या आतड्याच्या बाबतीत त्या मानाने कमी.

आबांचा ठिपका मोठ्या आतड्यात होता, पोटाच्या उजव्या बाजूला. जांघेत एक गाठही उजळली होती. ती मेलॅनोमाची असण्याची शक्यता दाट होती आणि तिचे ऑपरेशन होण्यासारखे होते. फुप्फुस, यकृत, मेंदू स्वच्छ. म्हणजे सगळा निकाल त्या एका ठिपक्यावर येऊन ठेपला होता. तो पसरलेला मेलॅनोमा असेल, तर पायाचे आणि जांघेचे मोठे ऑपरेशन करून उपयोग थोडा. तो नसेल, तर आबांना बरे करण्याच्या हेतूने उपचार करायचे. रिपोर्टमध्ये याबद्दल शेवटच्या ओळीत फक्त एवढे म्हटले होते : कोलोनोस्कोपी करून पाहावी. ही ओळ कुणी वाचली नव्हती. वरची ओळ वाचून सगळे थांबले होते.

इथे आमच्या जातीचाही दोष आहे, तो कबूल करतो. आम्ही रिपोर्ट लिहितो ते डॉक्टरांसाठी, आणि तेही स्वतःला जपून. 'अमुक असू शकते, तमुक नाकारता येत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे.' तीस वर्षे मीही असेच लिहिले. एकदा ते मला महाग पडले, म्हणजे खरे तर दुसऱ्या कुणाला पडले.

मिरजेच्या पूर्व भागातल्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या. पोटात अधूनमधून कळ येते आणि रक्त कमी आहे, म्हणून सीटी स्कॅनला आल्या. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच होते : पोटदुखी. लहान आतड्याचा एक वेढा मला जरा जाड दिसला. आतडे रिकामे असले, आकसलेले असले की त्याची भिंत जाड दिसतेच; फुगा फुगवलेला नसताना रबर जाड लागते तसे. मी लिहिले : 'बहुधा आतडे आकसल्यामुळे.' दोन महिन्यांनी बाई रात्री उलट्या होत, पोट फुगून आल्या. आतड्यात आतडे शिरले होते. सर्जनने पोट उघडले तेव्हा त्या वेढ्यात काळपट गाठ होती. मग विचारपूस झाली आणि कळले की तीन वर्षांपूर्वी त्यांच्या टाचेवरचा एक काळा डाग दुसऱ्या गावी काढला होता. कागद घरी पेटीत. तो डाग आणि ही पोटदुखी यांचा संबंध असेल, असे त्यांना का वाटावे? चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचारले नव्हते. पण मीही विचारले नव्हते, आणि बाई माझ्यापासून दहा फुटांवर टेबलावर होत्या. 'बाई, पूर्वी कसले ऑपरेशन झाले आहे का?' एवढा प्रश्न. त्या दिवसापासून तो मी स्वतः विचारतो. बाई ऑपरेशननंतर दीड वर्ष होत्या.

तेव्हा ज्यांचा असा डाग कधीही काढलेला असेल, त्यांनी पुढे पोटाच्या कुठल्याही तपासणीला जाताना तो जुना कागद बरोबर न्यावा. रक्त विनाकारण कमी होत असेल, शौचाला काळे होत असेल, तर मूळव्याध म्हणून सोडून देऊ नये. लहान आतड्यात ठिपका दिसला आणि मागे मेलॅनोमाचा इतिहास असला, तर तो ठिपका निरुपद्रवी ठरवण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो. मोठ्या आतड्याइतके ते तपासायला सोपेही नाही. तोंडाकडून घातलेली दुर्बीण वरच्या टोकाला पोचते, खालून घातलेली शेवटच्या तुकड्यापर्यंत. मधल्या कित्येक फुटांसाठी गिळायचा कॅमेरा किंवा खास लांब दुर्बीण लागते.

आता तो भाजलेल्या व्रणाचा पेशंट. खानापूर, आटपाडी तालुक्यांतले लोक गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या देशभर जातात. हे गृहस्थ तरुणपणी दक्षिणेत होते. भट्टीपाशी मांडी भाजली. व्रण भरला, पण कातडी कायम पातळ, ओढल्यासारखी. तीसेक वर्षांनी तिथे जखम झाली ती भरेना. जुन्या भाजलेल्या जागी इतक्या वर्षांनी कॅन्सर होतो, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. फ्रेंच सर्जन मार्जोलाँ यांच्या नावाने तो व्रण ओळखला जातो. जांघेतल्या गाठी पाहायला सीटी केला, तर लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते त्या कोपऱ्यात भिंत जाड, शेजारी गाठी. परदेशातल्या पुस्तकाप्रमाणे पहिला संशय कॅन्सरचा. पण मी सांगलीत बसलो आहे. सांगली-मिरजेच्या मध्ये वान्लेसवाडी आहे, तिथे क्षयाचे सॅनिटोरियम होते. आपल्या देशात आतड्याच्या त्या कोपऱ्यात काही दिसले की क्षयाची आठवण आधी करावी लागते. आमांशाच्या जंतूंनीही तिथे गाठ होते. स्कॅनवर ही सगळी मंडळी एकमेकांसारखीच दिसतात, पेटवर सारखीच उजळतात. दुर्बिणीने तुकडा घेतला, क्षय निघाला. सहा महिन्यांची औषधे, सरकारी दवाखान्यात मोफत. मांडीचे ऑपरेशन झाले, ते वेगळेच. तुकडा न घेता 'पोटात पसरलाय' म्हणून त्यांना घरी पाठवले असते, तर ते कॅन्सरने नव्हे, क्षयाने गेले असते.

अलीकडे एक नवीन कारण वाढले आहे, तेही सांगून ठेवतो. शरीराच्या प्रतिकारशक्तीला लावलेला लगाम सोडणारी नवी औषधे मेलॅनोमावर फार चांगली ठरली आहेत. त्यामागच्या संशोधनाला २०१८ साली नोबेल मिळाले. पण लगाम सुटलेला घोडा कधी आपल्याच आतड्यावर धावतो. मोठे आतडे सुजते, जुलाब होतात, स्कॅनवर ते सगळेच्या सगळे उजळते. हे इंजेक्शन चालू असलेल्या माणसाने जुलाब लागले तर घरची गोळी, ताक-भात यावर दिवस काढू नयेत. त्याच दिवशी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करावा, कारण त्याचे औषध वेगळे असते आणि उशीर झाला तर आतड्याला भोक पडू शकते.

आबांकडे परत येतो. मी मुलाला म्हटले, "घरी ठेवायचे की पुण्याला न्यायचे हे आज ठरवायचेच नाही. आधी दुर्बीण. ती पुण्याला जाऊनच करायची असेही नाही. साताऱ्यात होते, कराडला होते, इथे सांगली-मिरजेत होते." मुलगा खर्चाचे विचारत होता, आबा दुखेल का ते विचारत होते. दोन्ही प्रश्न रास्त. खरे सांगायचे तर तपासणीपेक्षा आदल्या दिवशीची तयारी नकोशी असते. पातळ पदार्थांवर राहायचे, पोट साफ करणारे औषधाचे पाणी भांडेभर प्यायचे आणि परसाकडेच्या खेपा मोजत बसायच्या. तपासणीला अर्धा-पाऊण तास, तोही गुंगीत. धोका अगदीच नसतो असे नाही. क्वचित रक्तस्राव होतो, फारच क्वचित आतड्याला इजा होते. ज्याचा आजार आधीच सगळीकडे पसरला आहे, जो अंथरुणाला खिळला आहे, त्याच्यामागे असल्या ठिपक्यासाठी लागू नये, असेही माझे मत आहे. उत्तर काहीही आले तरी उपचार बदलणार नसेल, तर प्रश्न विचारून माणसाला शिणवायचे कशाला? आबांच्या बाबतीत मात्र सगळे त्या उत्तरावरच होते.

उत्तर आठवड्याने आले. दीड सेंटिमीटरचा पॉलिप. तो दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने काढला होता. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचा होता. असा कोंब कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षे घेतो, आणि सगळेच कोंब तिथवर जातात असेही नाही. पायाच्या दुखण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पायाला झालेले पोटात गेलेच नव्हते. पोटातले पोटातच उगवले होते.

मुलाने फोनवर विचारले, "म्हंजे स्कॅन खोटा व्हता का?" खोटा नव्हता. यंत्राने इथे साखर जास्त जाते आहे एवढेच सांगितले होते, आणि ते खरेच होते. कशामुळे जाते, हे त्याला कळत नाही. उलटेही खरे आहे : लहान पॉलिप, काही जातींचे कॅन्सर पेटवर उजळतच नाहीत. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे आतडे स्वच्छ, असे समजून शौचावाटे रक्त जात असताना गप्प बसणारेही मी पाहिले आहेत.

पुढे पुण्याला आबांच्या टाचेचा तो भाग काढला, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. त्यातल्या एकीत मेलॅनोमा होता, बाकीच्या स्वच्छ. त्यानंतर तीन वर्षांनी दुर्बीण पुन्हा झाली. पाय सुजतो, त्यावर घट्ट मोजा घालतात, त्याबद्दल तक्रार करतात.

मध्यंतरी एका लग्नाला त्या गावी गेलो होतो. मांडवात आबा भेटले, पायात मोजा आणि जाड चप्पल. जेवणाआधीच मला बाजूला घेऊन गेले. एका पुतण्याला हाक मारली, त्याला बाकावर बसवून त्याचा तळपाय वर धरायला लावला आणि म्हणाले, "ह्ये बगा सायेब. कुरूप हाय म्हनतोय. मी म्हनलं, आदी दाखीव."

मी चष्मा लावून, उन्हात नेऊन पाहिले. कुरूपच होते.